आजोबांची लेन्स, नातवाचा कॅमेरा: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सहज एक ओळ टाकली होती की घरात कुणाचा जुना रोलचा कॅमेरा पडून असेल तर त्याची लेन्स भंगारात देऊ नका, डिजिटलवर लावून डोंगर-समुद्राचे फोटो झकास निघतात. झालं, तेव्हापासून फोन थांबेना. म्हणून यावेळचं सदर सगळं त्यावरच. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि लग्नाच्या फोटोंचे प्रश्न पुढच्या वेळी बघू.

प्रश्न, गुहागरहून: सर, बाबांचा रशियन झेनिट होता, त्याची हेलिऑस ५८ एमएम एफ २ लेन्स मी ॲडॅप्टर घेऊन सोनीच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर चढवली. मुलीचे फोटो एक नंबर येतात, पण वेळणेश्वरचा समुद्र काढला किंवा लांबचा डोंगर काढला की सगळं मऊ मऊ. रिंग अगदी शेवटपर्यंत, इन्फिनिटीला टेकवलेली असते तरी. लेन्स गेली का?

उत्तर: लेन्स ठणठणीत आहे, रिंग शेवटपर्यंत नेऊ नका एवढंच. होतं काय, लेन्स जिथे बसते ती कड आणि आतली फिल्म किंवा सेन्सर यांच्यातलं अंतर प्रत्येक माउंटचं, म्हणजे लेन्स बसवायच्या जोडाचं, ठरलेलं असतं. तुमची हेलिऑस आट्यांची, म्हणजे एम ४२ वाली, तिला ४५.४६ मिलीमीटर लागतात आणि सोनीच्या ई माउंटला आहेत फक्त १८, मग मधले २७.४६ मिलीमीटर ॲडॅप्टरने भरून काढायचे. तो जरा जरी जाड झाला तर लांबचं काहीच फोकसला येणार नाही आणि गिऱ्हाईक बोंब मारेल, म्हणून बनवणारे तो केसभर पातळच ठेवतात, आणि मग रिंग शेवटाला टेकवली की लेन्स इन्फिनिटीच्याही पलीकडे गेलेली असते. जवळचे फोटो तुम्ही डोळ्याने बघून फोकस करता म्हणून ते बरोबर येतात, लांबचा फोटो खुणेवर विसंबून काढता म्हणून मऊ.

तेव्हा एकदा ट्रायपॉड लावून बसा. दिवसा लांबचं देवळाचं शिखर किंवा रात्री खाडीपलीकडचा एखादा दिवा धरा, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक) पूर्ण उघडं ठेवा, म्हणजे एफचा सगळ्यात लहान आकडा, स्क्रीनवर मॅग्निफाय करा आणि रिंग शेवटापासून हळूहळू मागे आणा. दिवा जिथे सगळ्यात बारीक ठिपका दिसेल ती तुमच्या जोडीची खरी इन्फिनिटी. तिथे रिंगेवर पातळ टेपचा तुकडा चिकटवून पेनाने रेघ मारून ठेवा. ॲडॅप्टर बदललात तर रेघ पण बदलणार. फोकस पीकिंग, म्हणजे फोकसमधल्या कडा रंगवून दाखवायची कॅमेऱ्याची सोय, तिचे रंगीत ठिपके समुद्रावर फार फसवतात, लाटांच्या चमकेवर सगळीकडेच ठिपके नाचतात, त्यापेक्षा मॅग्निफाय बरं.

आणि इन्फिनिटीची खूण सरकली म्हणजे लेन्सवरची अंतराची अख्खी पट्टी सरकली हेही डोक्यात ठेवा. जुनी माणसं पट्टीवर बघून फोकस करायची. २८ एमएमला एफ ८ वर पुस्तकी हिशेब असा की फुल फ्रेमवर (रोलच्या फिल्मएवढ्या सेन्सरवर) ३.३ मीटरला फोकस ठेवला की साधारण १.६५ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्यासारखं शार्प. पण हे ‘चालण्यासारखं’ त्या काळच्या छोट्या प्रिंटच्या मापाने. आजचा २४ मेगापिक्सेलचा फोटो मोठा करून बघितला की लांबचे माड पिठूळ दिसतात. म्हणून एफ ८ लावलं असेल तर पट्टीवर कुठून कुठवर शार्प ते दाखवणाऱ्या खुणा असतात त्यातल्या एफ ४ च्या धरून चाला.

हेलिऑसबद्दल माझं मत विचारलं नाहीत तरी सांगतो. तिचं एवढं नाव झालंय ते मागचा भाग भोवऱ्यासारखा गरगरतो त्यासाठी, आणि तो गरगरतो एफ २ वर. निसर्गदृश्य तुम्ही काढणार एफ ८ वर, तिथे भोवराबिवरा काही उरत नाही, ती एक साधी चांगली ५८ एमएम लेन्स होते. बाबांची आहे म्हणून जरूर वापरा, पण समुद्रासाठी मुद्दाम विकत घेण्यासारखी ती नाही.

प्रश्न, चिपळूणहून: मामांनी त्यांची निकॉनची जुनी २८ एमएम दिली. माझ्या डी ३५०० वर आरामात बसते, पण कॅमेरा फोटोच काढत नाही, लेन्स नाही म्हणून सांगतो.

उत्तर: डायल एम (मॅन्युअल) वर करा, निघेल. तुमच्या कॅमेऱ्याला चिप नसलेल्या लेन्समधून येणारा प्रकाश मोजता येत नाही, तेव्हा अ‍ॅपर्चर लेन्सच्या रिंगेवर, शटर कॅमेऱ्यावर, एक फोटो काढायचा, हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बघायचा आणि कमीजास्त करायचं. डोंगर कुठे पळून जात नाही, दोन-तीन फोटोंत जमतं. फोकससाठी व्ह्यूफाइंडरच्या खालच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका मात्र चालतो, त्याची मदत घ्या. एक गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. १९७७ च्या आधीच्या, एआय (निकॉनची कॅमेऱ्याला भोकाचा आकडा कळवणारी खाच) नसलेल्या निकॉन लेन्स मोठ्या कॅमेऱ्यांवर चढवल्या तर तिथली छोटी दांडी मोडू शकते. डी ३५०० ला ती दांडीच नाही, त्यामुळे तुमच्यावर त्याही बिनधास्त बसतात. मित्राच्या डी ७२०० वर मात्र बघितल्याशिवाय लावू नका.

प्रश्न, देवगडहून: काका, आजोबांच्या लेन्समध्ये टॉर्च मारला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतंय. दुकानदार म्हणतो फंगस, फेकून द्या, नाहीतर बाकीच्या लेन्सना पण लागेल. घरात आई म्हणते तांदळाच्या डब्यात ठेव. काय करू?

उत्तर: दोघांचंही ऐकू नकोस. कोकणात जुन्या लेन्सचं जे काही वाटोळं होतं ना, ते ऐंशी टक्के याच प्रकरणाने होतं असं मी माझ्या बघण्यावरून सांगतो, शार्पनेस वगैरे नंतरच्या गप्पा.

बुरशीचे कण हवेत सगळीकडेच असतात, तुझ्या नव्या लेन्सवरसुद्धा आत्ता बसलेले असतील. त्यांना रुजायला लागतो ओलावा. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की काचेवरची धूळ, तेलकटपणा खाऊन ती वाढायला लागते. आणि आपल्याकडे काय, रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातले कपडेसुद्धा दमट लागतात. ‘लागेल’ हे म्हणणं त्यामुळे अर्धंच खरं. बाजूची लेन्स कोरडी असेल तर तिला काही होत नाही, दमट असेल तर शेजारी न ठेवताही होईल. तरी ही लेन्स साफ होईपर्यंत वेगळी ठेव, त्यात काही जात नाही.

आधी बघ बुरशी कुठे आहे आणि किती आहे. पुढच्या किंवा मागच्या भिंगाच्या आतल्या बाजूला बारीक जाळं असेल तर चांगला दुरुस्तीवाला उघडून पुसून देतो. मुंबईला कुणी जाणार असेल तर फोर्टात बोरा बाजाराच्या बाजूला अजून असे हात आहेत. बुरशीतून आम्ल सुटतं आणि ते कोटिंग खातं, फार वर्षं राहिली असेल तर पुसल्यावरही काचेवर नक्षी राहते, ती कुणालाच काढता येत नाही. पण अशी हलकी नक्षी असलेली लेन्ससुद्धा सूर्य पाठीमागे ठेवून वापरलीस तर फोटोत काही कळत नाही, उन्हासमोर धरलीस की सगळं पांढुरकं. दोन भिंगं चिकटवलेली असतात त्या जोडाच्या आत शिरली असेल किंवा तिथे इंद्रधनुष्यासारखे रंग दिसत असतील तर मात्र खर्च करू नकोस.

ठेवायचं कसं, तर चकलीचा असतो तसा हवाबंद प्लास्टिकचा डबा घे, आत सिलिका जेलची पुडी आणि एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक टाक, आकडा चाळीस ते पन्नासच्या मध्ये दिसला पाहिजे. निळं जेल गुलाबी झालं की ते भरलं, गरम करून वाळवलं की परत निळं होतं. फक्त त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, तेव्हा आईच्या स्वयंपाकाच्या भांड्यात करू नकोस, जुना पत्रा वेगळा ठेव. नाहीतर नारिंगी जेल घे. तांदूळ नको, त्याचं पीठ फोकस रिंगेत जातं आणि ओलावा तो फारसा ओढत नाही. डांबरगोळ्या तर अजिबात नको, त्यांची वाफ काचेवर बसते. आणि आजोबांची ती सुंदर चामड्याची पेटी असेल ना, ती शोकेसमध्ये ठेव, लेन्स तिच्यात नको. चामडं पाणी धरून ठेवतं, बुरशीला तेवढंच हवं असतं. जुने स्टुडिओवाले लाकडी कपाटात छोटा बल्ब पेटता ठेवायचे, ती युक्ती आजही चालते, फक्त पावसाळ्यात आपली लाइट किती तास असते ते तुला माहीत आहे.

प्रश्न, डोंबिवलीहून, मूळ गाव दापोली: चोर बाजारातून सुपर ताकुमार ५० एमएम एफ १.४ घेतली, काच चहासारखी पिवळी आहे आणि आता मित्र सांगतो ती रेडिओॲक्टिव्ह आहे. घरात लहान मूल आहे, परत देऊ का?

उत्तर: मित्र खरं बोलतोय पण घाबरायचं कारण नाही. त्या काळी काही लेन्सच्या काचेत थोरियम घालायचे, त्याने काच प्रकाश जास्त वाकवते आणि रंग फुटत नाहीत. त्याच किरणोत्साराने वर्षानुवर्षांत काच आतून पिवळी पडते. कॅमेऱ्यावर लावून फोटो काढायला, कपाटात ठेवायला काही धोका नाही. लेन्स फोडायची, घासायची नाही आणि मुलाला खेळायला द्यायची नाही, पण तशी तर कुठलीच लेन्स देणार नाही तुम्ही. पिवळेपणा अल्ट्राव्हायोलेटने उतरतो, छोटा यूव्ही एलईडी दिवा काचेवर काही दिवस लावून ठेवला की बराच फरक पडतो. उन्हात ठेवूनही जातो, पण ऊन आणि भिंग म्हणजे शाळेत कागद जाळायचो तोच खेळ, खिडकीतला पडदा पेटायचा. उन्हात ठेवायचीच तर खालच्या बाजूला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा आणि जवळ थांबा.

प्रश्न, अलिबागहून, कॉलेजातला वाचक: दादा, फुजी घेतलाय, किटची लेन्स आहे. निसर्गाचे फोटो काढायला पहिली जुनी लेन्स कुठली घेऊ? सगळे म्हणतात ५० एमएम स्वस्त मिळते.

उत्तर: स्वस्त मिळते कारण प्रत्येक रोल कॅमेऱ्याबरोबर तीच यायची. तुझा सेन्सर दीडपट क्रॉपचा, फुल फ्रेमपेक्षा लहान, म्हणजे ५० ची झाली ७५, किनाऱ्यावर उभा राहिलास तर अर्धा किनारा बाहेर. २८ एमएम घे, तुला ती ४२ सारखी दिसेल, किंवा मिळाली तर २४. निकॉन, मिनोल्टा, पेंटॅक्स, ऑलिंपस, कुठल्याही एसएलआरची (आरशातून लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्याची) चालेल, पण जुन्या रेंजफाइंडर (आरसा नसलेल्या, वेगळ्या खिडकीतून बघायच्या) कॅमेऱ्यांच्या वाइड लेन्सच्या नादी लागू नकोस. त्यांचं मागचं भिंग फिल्मच्या अगदी जवळ असायचं, किरण सेन्सरवर फार तिरके पडतात आणि कोपरे जांभळट, फिसकटलेले येतात. एसएलआरमध्ये मध्ये आरसा असल्यामुळे लेन्सला लांब राहावंच लागायचं, ते आता आपल्या पथ्यावर पडतं.

दुसरी घ्यायची तेव्हा १३५ एमएम घे. तिला फार कुणी विचारत नाही म्हणून भाव कमी, आणि आपल्याकडे तर ती फार कामाची. समुद्राकडे पाठ करून पूर्वेला बघ, पाऊस उघडल्यावर सह्याद्रीच्या एकामागे एक सात-आठ रांगा निळ्या होत जातात, त्या १३५ मध्ये एकमेकींना चिकटून येतात. २८ मध्ये त्याच रांगा क्षितिजावरची एक रेघ होतात. कॅमेऱ्याच्या मेनूत ‘लेन्सशिवाय शूट’ चालू करायला विसरू नकोस, नाहीतर बटण दाबून दाबून थकशील. सेन्सर स्टॅबिलायझर (हाताचा थरथराट सावरणारी सोय) असेल तर त्यात फोकल लेन्थ हाताने भर, लेन्स बदलली की परत भर.

प्रश्न, रत्नागिरीहून: माझ्याकडे कॅननचा डीएसएलआर आणि कॅननच्याच जुन्या एफडी लेन्स. एकाच कंपनीच्या असून बसत का नाहीत?

उत्तर: एफडीला ४२ मिलीमीटर अंतर लागतं, तुमच्या ईएफ माउंटला ४४ आहे, म्हणजे लेन्स दोन मिलीमीटर आत शिरायला हवी आणि ते शक्य नाही. मधे भिंग असलेले ॲडॅप्टर मिळतात, ते चित्र बिघडवतात, घेऊ नका. त्या लेन्स मिररलेस घ्याल तेव्हासाठी कोरड्या ठेवा. डीएसएलआरवर तोपर्यंत एम ४२ च्या वापरा, त्या पातळ चकतीवर मस्त बसतात.

प्रश्न, मालवणहून, होमस्टे चालवणारे: भाऊ, पाहुण्यांसाठी सूर्यास्ताचे फोटो काढतंय जुन्या लेन्सने, सगळे फिकट, मध्ये गोल गोल ठिपके. माझा काय चुकता?

उत्तर: तुमचा काय चुकत नाय, सूर्य चुकीच्या जागी बुडता! आपला समुद्र पश्चिमेला, म्हणजे किनाऱ्यावरचा प्रत्येक सूर्यास्त उन्हासमोर लेन्स धरूनच काढावा लागतो, आणि बऱ्याच जुन्या लेन्सवर कोटिंग एकाच थराचं, आतल्या आत प्रकाश उड्या मारतो. पुढचा यूव्ही फिल्टर त्यावेळी काढून ठेवा, निम्मे ठिपके तिथेच जातील. काच आधी स्वच्छ पुसा, खाऱ्या हवेचा पातळ थर बसलेला असतो तो डोळ्याला दिसत नाही पण उन्हात चमकतो. सूर्य पूर्ण उघडा घेण्यापेक्षा माडाच्या खोडाआड किंवा होडीच्या नाळेआड अर्धा लपवा. आणि १३५ किंवा त्याच्या वरची लेन्स असेल तर चढत्या उन्हात ती सूर्यावर रोखून ठेवू नका, मिररलेसमध्ये सेन्सर सतत उघडा असतो, भाजू शकतो.

खरं तर पाहुण्यांना सकाळी उठवा. सूर्य सह्याद्रीवरून, तुमच्या पाठीमागून येतो, जरा उशिराच येतो, पण आला की होड्या, जाळी, सिंधुदुर्गाचा तट सगळ्यांवर सरळ पिवळं ऊन. त्या उजेडात जुनी लेन्स जे रंग देते ते नव्या लेन्समध्ये मला फारसे दिसत नाहीत.

संध्याकाळच हवी असेल तर तिथी बघून जा. आपल्याकडचा जुना हिशेब तुम्हाला माहीतच असेल, तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल तो भरतीचा तास. पौर्णिमा किंवा अमावास्या धरा, पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. म्हणजे ओहोटी साडेपाचच्या पुढेमागे, वर ते उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी खूप आत गेलेलं, आणि सूर्य बुडताना ओली वाळू आरशासारखी पसरलेली. त्यानंतरची प्रतिपदा, द्वितीया पण चांगली, पाणी अजून उतरतं असतं. अष्टमीला मात्र सहालाच पूर्ण भरती, वाळू दिसायचीच नाही. हिशेब ढोबळ आहे, खडकांवर उतरायचं असेल तर भरतीचं छापील वेळापत्रक बघूनच उतरा.

प्रश्न, राजापूरहून: आजोबांच्या यशिकाची लेन्स काढून डिजिटलवर लावता येईल का? वर-खाली दोन लेन्स असलेला चौकोनी कॅमेरा आहे. आणि सड्यावरच्या (जांभ्याच्या पठारावरच्या) कातळशिल्पांचे फोटो जुन्या लेन्सने कसे काढावेत?

उत्तर: पहिल्याला नाही. त्या कॅमेऱ्याची लेन्स पेटीतच पक्की असते, शटरसुद्धा तिच्यातच, उपटून काढली तर दोन्ही जातील. कॅमेरा चालू असेल तर १२० चा रोल अजून मिळतो, तोच घाला.

कातळशिल्पांचा प्रश्न मला जास्त आवडला. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आणि तेव्हापासून कशेळी, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे इकडे कॅमेरेवाल्यांची गर्दी वाढली, आणि बहुतेक लोक भर दुपारी जाऊन सपाट, काळपट जांभ्याचे फोटो घेऊन परत येतात. ती रेघ कातळात थोडीशीच खोदलेली असते, ती दिसते सावलीने. ऊन अगदी आडवं पाहिजे, सूर्य उगवल्यावर पहिला तास किंवा मावळायच्या आधीचा. खोदलेल्या रेघेच्या एका कडेला उजेड, दुसऱ्या कडेला काळी सावली, की आकृती आपोआप उठून येते. ऊन बाजूने घ्या, म्हणजे लेन्सवर थेट येत नाही आणि जुन्या लेन्सचा कॉन्ट्रास्ट पण शाबूत राहतो. २४ किंवा २८ एमएम, एफ ८, जमलं तर एफ ११, त्याच्या पुढे नको, एफ १६ ला डिफ्रॅक्शनने (बारीक भोकातून प्रकाश पसरल्याने) सगळंच मऊ व्हायला लागतं. ट्रायपॉड रेघांच्या बाहेर. खडूने, पाण्याने रेघा ठळक करणारी मंडळी दिसली तर त्यांना अडवा, आणि चपला बाहेर काढून ठेवायची सवय असेल तर उत्तमच.

पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरच्या सुमारास, त्याच सड्यावर बारीक फुलांचे ताटवे येतात. निकॉनची २८ एमएम एफ २.८ एआय-एस कुणाकडे मिळाली तर ती वीस सेंटीमीटरपर्यंत जवळ फोकस होते, पोटावर झोपा, पुढे फूल, मागे सडा आणि ढग.

प्रश्न, श्रीवर्धनहून: समुद्रावरून आल्यावर लेन्सची काळजी काय घ्यायची? माझ्या लेन्सची रिंग परवापासून करकरतेय.

उत्तर: जुन्या लेन्सना पाणी-धूळ रोखणारं रबर नसतं, हे पहिलं. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नका, थंड काचेवर लगेच बाष्प धरतं, पिशवीतच पंधरा-वीस मिनिटं राहू द्या. परत आल्यावर आधी ब्लोअरने वाळू उडवा, मग गोड्या पाण्यात ओला करून घट्ट पिळलेल्या सुती फडक्याने बाहेरची बॉडी आणि रिंगा पुसा, मीठ कोरड्या फडक्याने निघत नाही, नुसतं पसरतं. भिंगावर कोरडं कापड आधी फिरवलंत तर मीठ-वाळूचे ओरखडे पडलेच समजा. पुसून झाल्यावर पंख्याखाली वाळवा आणि मगच डब्यात टाका, ओली लेन्स हवाबंद डब्यात म्हणजे बुरशीला आमंत्रण.

करकरतेय म्हणजे वाळूचा कण आट्यात गेलाय. सुटेल म्हणून रिंग मागेपुढे फिरवत बसू नका, पितळेला चरे पडले की मग फोकस कायमचा जड. तेल तर मुळीच सोडू नका, ते ओघळून अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर जातं आणि पाती चिकटतात. रिंग आहे त्या जागी राहू द्या, टेप लावा आणि दुरुस्तीवाल्याला सांगा की वाळू आहे, जुनं ग्रीस सगळं धुऊन नवीन भर.